भिंतीवरून टाकलेली वायर

फील्ड पोस्ट
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय सोनम,

फोनवर तू रडवेली होऊन म्हणालीस की नेट पुन्हा गेलं आणि वर्गातली पोरं ताटकळत बसली. माझ्या मागं दहा जवान रांगेत उभे, हातात दोन मिनिटं, त्यात मी काय समजावणार? म्हणून हे पत्र. इथं वर मोबाइल जमा करून घेतात, हात मात्र अजून आमच्याकडेच ठेवलेत.

दोष तुझा नाही. ऊसतोड सुरू झाली की ट्रॉलीवाले खांबाच्या उंचीला ऊस रचतात आणि पलूसच्या रस्त्यानं जाताना आपली केबल ओढून नेतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, हे असंच चालणार. तेव्हा माझी अक्कल वापर. शेजारी दादाच्या घरात दुसऱ्या कंपनीचं नेट आहे. त्याची केबल मागच्या बोळातून येते, तिथं ट्रॉली शिरत नाही. मधल्या भिंतीवरून एक वायर टाकायची आणि आपला राउटर दादाच्या राउटरला जोडायचा.

नुसतं जोडून भागत नाही. दोन्हीकडं ‘राउटिंग’च्या पानावर जाऊन ‘डायनॅमिक’ करायचं. मग ते दोघं दर अर्ध्या मिनिटाला एकमेकांना सांगत राहतात, माझ्याकडून बाहेर जायला वाट आहे बरं का. एकाची वाट मोडली की दुसऱ्याची धरायची, हे ते आपलं आपण ठरवतात. तू तुझ्या पुण्याच्या कंपनीच्या पोरांना खुशाल गणित शिकवत राहा, तुला कळणारही नाही. फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेश पोचवायच्या कामात, आम्ही डोंगराडोंगरांत हेच करतो.

मी सांगतो तसंच कर, बी.एस्सी.चं डोकं मध्ये घालू नकोस. दादाच्या वाटेपुढं १ आकडा टाक, आपल्या लाईनपुढं १०. दादाच्या राउटरमध्ये ‘नेहमी सांगत राहा’ अशी एक चौकट आहे, तिथं खूण कर. आणि दोघांच्या मध्ये पासवर्ड मागेल, तो रिकामा ठेव. घरातल्या घरात कसला पासवर्ड? दादाचा राउटरही तूच भर, त्याला ट्रॅक्टरमध्ये डिझेल सोडून काही भरता येत नाही.

तुझा,
इंद्रजित


२६ नोव्हेंबर २०२४

अहो,

सप्रेम नमस्कार. वायर टाकली. दादा शिडीवर चढले, जाऊबाईंनी खालून शिडी धरली आणि सारखं एकच चालू, “आवं, ह्यातनं करंट येतोय का काय? माझी धुणं वाळत घालायची जागा हाय ती.” दादा वरून म्हणाले, “करंट न्हाई गं, ह्यातनं इंद्र्याची अक्कल येतीया.” दोघंही लय खूश होते. मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

दोन्ही राउटर मीच भरले. तुम्ही सांगितलं तसंच केलं, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. पण एक विचारते, रागावू नका. लहान आकड्याची वाट आधी धरायची, असं तिथंच लिहिलेलं होतं. मग दादांना १ आणि आपल्याला १० का? आपली केबल तुटलेली नसते तेव्हा आपल्याच लाईननं जायला काय हरकत? आपल्या लाईनचं बिल आपण भरतो ना.

आता खरी बातमी. पुण्याची कंपनी मला कायम करायचं म्हणते आहे. १९ डिसेंबरला गुरुवारी, सकाळी अकराला परीक्षेचा वर्ग घ्यायचा, कंपनीचे सयाजी सर आणि वरचे लोक बघणार. पास झाले की घरी बसून नोकरी, दर महिन्याला पगार. फोनवर हे सांगताना तुमचा आवाज नीट आला नाही, म्हणून पुन्हा लिहिते. लग्न होऊन या घरात आल्यापासून मला कुठल्या गोष्टीचं इतकं वाटलेलं नाही. तुम्हाला सोडून, असं लिहायला हवं होतं, पण तुम्ही ते समजून घ्याल.

काळजी घ्या. वर थंडी किती आहे ते खरं लिहा.

तुमची,
सोनम


फील्ड पोस्ट
८ डिसेंबर २०२४

प्रिय सोनम,

थंडी इतकी की पेनातली शाई काखेत धरून वितळवावी लागते. हे खरं लिहिलं.

आकड्यांचं म्हणशील तर दादाची लाईन भक्कम आहे, म्हणून ती आधी. आपली राखीव. फौजेत चांगली तुकडी पुढं असते आणि राखीव मागं. एवढं सोपं आहे. तुला प्रत्येक गोष्टीत ‘का’ विचारायची खोड आहे, ती माहेरी चालली.

परीक्षेचा वर्ग घे, मी नाही म्हणत नाही. पण पगार, कायम, वरचे लोक, हे शब्द तुझ्या पत्रात फार झाले. आपल्याकडं बारमाही पाण्याचा ऊस आहे, माझी नोकरी आहे. दारात आपल्या मळ्यातल्या गड्याची, अर्जुनाची, पोरं येतात, त्यांना फुकट शिकवलंस तरी पुण्य लागेल. आणि इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या त्या क्लासच्या पानावर रोज दुपारी काय करतेस? अपूर्णांक मराठीतही तेवढेच तुटतात. की साहेब लोकांशी गप्पा मारायच्या आहेत?

चिडू नकोस, गंमत केली. दादाचं ऐकत जा.

तुझा,
इंद्रजित


२३ डिसेंबर २०२४

अहो,

१९ तारखेचा वर्ग झाला नाही.

अकराला सुरू झाला. पंधरा पोरं, सयाजी सर, आणखी दोन बाई. पाव, अर्धा, पाऊण दाखवायला मी खरी पोळी लाटून ठेवली होती. पहिला तुकडा मोडला आणि पडद्यावरचे सगळे चेहरे थिजले. मग गेलेच. मी राउटर बंद करून चालू केला. पळत रस्त्यावर जाऊन बघितलं, तर एकही ट्रॉली नव्हती आणि केबल खांबावर जागच्या जागी. आपल्या राउटरचा दिवा हिरवागार. पाऊण तासानं सगळं आपोआप सुरू झालं, तोवर सरांचा निरोप येऊन पडला होता. घरून काम करणाऱ्याकडं खात्रीचं नेट पाहिजे, मॅडम, असा. दुसऱ्या दिवशी त्यांनी इचलकरंजीच्या मुलीला घेतलं. माझे रोजचे वर्गही जानेवारीपासून तिच्याकडं जातील.

पोळी कुत्र्याला घातली.

तुम्ही या कामातले जाणते आहात म्हणून विचारते. एकाची वाट मोडली की दुसऱ्याची धरतात, असं तुम्ही लिहिलं होतं. आपली लाईन चालू होती. मग धरली का नाही? अनुभवातून सांगा, म्हणजे माझ्या मनाला बरं वाटेल.

इंग्रजीच्या क्लासचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला लांबूनही माझ्या मनातलं कळतं, हे वाचून बरं वाटलं.

तुमची,
सोनम


फील्ड पोस्ट
५ जानेवारी २०२५

प्रिय सोनम,

वाचून वाईट वाटलं. पण यंत्र आहे, यंत्राचा भरवसा काय? आमची लाखमोलाची यंत्रं बर्फात मान टाकतात, तिथं तुझा राउटर कुठला? देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात, त्यातलंच हे. याहून जास्त कारण शोधत बसू नकोस.

आणि खरं सांगू? बरं झालं. तू नोकरीला लागली असतीस आणि मी सुट्टीला आलो असतो, तर बायकोची वेळ मागून घ्यावी लागली असती. इथं आमच्यात एक जण आहे, त्याची बायको कमवायला लागली आणि दोन वर्षांत त्याचं पत्र उघडायचीही बंद झाली. मला हसू येतं, पण त्याला येत नाही. आता दुपारी मोकळी असतेस तर जाऊबाईंबरोबर शेवया कर, मळ्यात जा, वजन वाढव.

पोळी मोडून शिकवायची कल्पना मात्र झकास. मी आलो की लाट, मी न शिकता खाईन.

तुझा,
इंद्रजित


१८ जानेवारी २०२५

अहो,

तुमचं पत्र जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “भाऊजी लय समजुतीचं लिवत्यात.” मलाही पटलं. नोकरी म्हणजे जिवाला घोर.

शेवया करून झाल्या. नेट तसंच ठेवलंय, बिल वर्षाचं भरलेलं आहे. दुपारी वेळ जात नाही, मग मोबाइलवर काहीबाही बघत बसते. तुमची आठवण येते.

तुमची,
सोनम


फील्ड पोस्ट
१ फेब्रुवारी २०२५

सोनम,

पत्र मिळालं. सगळं ठीक आहे ना? सहज विचारतो, सांगलीला काही काम निघालंय का, कोर्टकचेरीचं वगैरे? माहेरी काही वाद? वकिलाकडं जायचं झालं तर मला आधी सांग, माझ्या ओळखी आहेत.

आणि पुण्याला जाऊन राहायचा विचार तुझ्या मनात नाही ना? तिकडं एकट्या बाईला खोली देतात, पण ती माणसं चांगली नसतात. हे मी जनरल नॉलेज म्हणून सांगतो. मागच्या पत्रात ज्याचं लिहिलं होतं, त्याच्या बायकोचं असंच झालं, त्यावरून आठवलं.

उलट टपाली उत्तर दे. फोनवर असलं बोलता येत नाही, मागं माणसं असतात.

इंद्रजित


१३ फेब्रुवारी २०२५

अहो,

तुमचं पत्र वाचून मला हसावं की रडावं कळेना. वकील? खोली? तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर पंधरा दिवसांत बसस्टँडपर्यंतही गेले नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं व्हायला तुम्ही काही चोर नाही. उंचावर हवा विरळ असते, माणसाला भास होतात असं ऐकलंय. डॉक्टरसाहेबांना एकदा दाखवून घ्या.

इथं दादांचं मात्र मला बघवत नाही. दिवसभर अंगणात मोबाइल घेऊन येरझाऱ्या घालतात. जाऊबाई म्हणतात, “ह्यास्नी जेवणबी ग्वाड लागंना, त्या मोबाइलात काय बघत्यात कुणास ठावं.” मी म्हटलं, “शेतीचे भाव बघत असतील.” ते माझ्याकडं बघतात आणि मान खाली घालतात. तुम्ही त्यांना दोन शब्द लिहा. एवढा जीव लावणारा भाऊ मिळायला भाग्य लागतं.

माझ्याकडून काही चुकत असेल तर स्पष्ट विचारा. नवराबायकोत आडपडदा नको.

तुमची,
सोनम


फील्ड पोस्ट
२७ फेब्रुवारी २०२५

सोनम,

आता लपवत नाही. लपवून माझं डोकं फुटायची वेळ आली आहे.

दादाच्या वाटेपुढं १ टाकायला लावला तो तुझं सगळं त्याच्या राउटरमधून जावं म्हणून. त्याच्या मोबाइलवर ॲप आहे. तुझ्या मोबाइलनं कुठलं पान उघडलं ते त्यात दिसतं. आत काय केलंस ते दिसत नाही, कुठं गेलीस एवढंच. ते तो मला कळवायचा. तू नोकरीला लागलीस की मी तुला कोण लागणार, हे डोक्यात बसलं होतं. १९ डिसेंबरला नेट पाडायलाही मीच दादाला फोनवर सांगितलं होतं. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, एकदाच कर.

आता तो लिहितो की सांगलीच्या घटस्फोटाच्या वकिलाचं पान, पुण्यातल्या खोल्यांचं पान, आणि गेल्या आठवड्यात लग्नाची स्थळं जुळवणाऱ्यांचं पान. तू मला लिहितेस की शेवया केल्या. कुठलं खरं मानू? परवा वायरलेस सेटवर बसलो असताना आलेला निरोप चुकीच्या चौकीला पाठवला. साहेबांनी सगळ्यांसमोर हेडफोन काढून घेतले. आता मी लंगरमध्ये कांदे चिरतो. पुढचा कोर्सही गेला. मला त्याचं काही नाही. सुट्टी मागितली तर जूनच्या आधी नाही म्हणाले.

मी तुझे पाय धरतो. नोकरी कर, पुण्याला जा, इंग्रजी शिक, मी कधी तोंड उघडणार नाही. फक्त एक ओळ लिही, की ते सगळं खोटं होतं.

तुझाच,
इंद्रजित


२० मार्च २०२५

इंद्रजित,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा वाटलं नाही.

१९ डिसेंबरला वर्ग बंद पडल्यावर मी रस्त्यावरून थेट दादांच्या घरात गेले होते. ते सोप्यात शेंगा खात बसले होते. त्यांच्या राउटरच्या मागं कंपनीची वायर उपसून लोंबत ठेवलेली होती आणि राउटर मात्र चालू होता. बाहेर जायला वाट नसताना तो माझ्या राउटरला सांगत होता, वाट माझ्याकडं आहे. माझा राउटर त्याच्यावर विश्वास ठेवून पंधरा पोरं तिकडं पाठवत राहिला, आणि आपली चांगली लाईन शेजारी तशीच पडून होती. ‘नेहमी सांगत राहा’ची खूण मीच केली होती, ती तेव्हा कळली. दादा म्हणाले, “काय झालं गं?” मी म्हटलं, “काही नाही, नेट गेलंय.” त्यांनी मला मूठभर शेंगा दिल्या. मी त्या घेतल्या.

तुमचं इंग्रजीच्या क्लासचं पत्र नंतर दोन दिवसांनी हातात पडलं. मग सगळं बरोबर लागलं. तरीही मी तुम्हाला विचारलं, वाट का धरली नाही. तुम्ही त्यावर कर्म लिहिलंत आणि पुढं बरं झालं असं लिहिलंत. ते दोन शब्द लिहिले नसते तर मी भांडले असते, रडले असते आणि राहिले असते.

वकील, खोल्या, स्थळं, सगळं खोटं. ती पानं मी उघडून ठेवायची आणि कणीक मळायला जायची. स्थळांचं पान उघडं ठेवून मी दोन दुपारी ज्वारी निवडली. मला फक्त बघायचं होतं की तुम्हाला विचारता न येण्याचा त्रास कसा होतो. तो चांगला झाला. कांदे चिरता हे वाचून मला हसू आलं, तेही तुम्हाला खरं सांगते.

जे खरं होतं ते मी कुठल्याच पानावर शोधलं नाही. गेल्या आठवड्यात एसटीनं कराडला गेले आणि चार ठिकाणी तोंडानं विचारलं. मलकापूरच्या एका क्लासला गणिताची बाई हवी होती. त्यांनी फळ्यासमोर उभं केलं, खडू दिला, वीस मिनिटांत हो म्हणाले. त्यांच्याच ओळखीच्या रंगुबाईंची वरची खोली मिळाली. सोमवारी मी तिकडं जाते आहे. तुमच्याबरोबर राहायला परत येणार नाही. वकिलाचं पान आता उपयोगी पडेल.

तुम्ही एक ओळ मागितली होती, ती वर लिहिली आहे. आता माझ्याकडून एक. तुमचं पत्र आल्यावर मी दोन्ही राउटरमधले आकडे उलटे केले. मध्ये पासवर्ड नव्हताच. तेव्हापासून दादांचं सगळं माझ्या राउटरमधून जातं, आणि ते ॲप मीही घेतलं आहे. दादा जमिनीच्या फेरफाराचं सरकारी पान रोज उघडतात. हक्कसोडपत्र करून देणाऱ्या एका वकिलाचंही. तुमच्या वडिलांची जमीन अजून दोघांच्या नावावर आहे ना? आत काय करतात ते दिसत नाही. नुसतं पीकपाणी बघत असतील. किंवा मी हे आत्ता मनानं लिहिलं असेल, मला आता तेही येतं. सुट्टी जूनमध्ये आहे. तोवर दादांना फोनवर विचारून बघा. खरं असलं तरी ते नाही म्हणतील आणि खोटं असलं तरी नाहीच म्हणतील.

सोनम